गाण्याखाली गाणारीचं नाव लिहा

महोदय,

शुक्रवार पेठेत मी ब्लाउज शिवते, त्याला 31 वर्षं झाली. पूर्वी मशीनशेजारी रेडिओ असायचा. आता मुलानं दिलेला फोन रिळांच्या डब्याला टेकवून ठेवते. हात कापडात गुंतलेले असतात, त्यामुळे पहिलं गाणं मी लावते आणि पुढची फोन त्याच्या मनानं लावत जातो.

मागच्या लग्नसराईत ‘महाराष्ट्र शाहीर’मधलं ‘बहरला हा मधुमास’ लावलं होतं. 2023 साली रीलवर सगळ्यांनी नाचून घेतलं, तेच. ते संपलं, जाहिरात झाली आणि ‘अगं बाई अरेच्चा’मधली मल्हारवारी सुरू झाली. पाठोपाठ शाहीर साबळे यांची. दोन्ही सिनेमे केदार शिंदे यांचे, दोन्हींना संगीत अजय-अतुल यांचं, आणि शाहीर हे केदार शिंदे यांचे आजोबा. म्हणजे फोननं मला एकाच घरात फिरवलं! त्याला नातीगोती कुठली कळायला? हे ऐकणारे पुढं काय ऐकतात, एवढंच तो बघत असणार. पण सोयरीक जमवणाऱ्या मावशीसारखा त्याचा नेम बसतो खरा.

त्यापुढं लागलं ते कुठल्याशा अंगणातलं जागरण. चित्र हलतंय, मागं कुणीतरी “वहिनी, जरा बाजूला” म्हणतंय. वाघ्याच्या हातात दिमडी, आणि एक वयस्क मुरळी घाटी वाजवत तीच मल्हारवारी गातेय. सिनेमातल्यापेक्षा सावकाश. ‘द्यावी भरून’वर थांबते, श्वास घेते आणि देवाला दटावल्यासारखं ‘नाहीतर’ म्हणते. त्या ‘नाहीतर’ला माझा पाय पायडलवरच थांबला.

व्हिडिओखाली काय होतं? चॅनेलचं नाव, सुपाऱ्यांसाठी मोबाइल नंबर आणि ‘पारंपरिक गीत’ एवढे दोन शब्द. बाईंचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. सिनेमातल्या गाण्याखाली मात्र गायक, संगीतकार, कंपनी, सगळे हजर. गाणं पहिल्यांदा कुणी बांधलं ते कुणाला ठाऊक नसेल, मान्य. पण गाणारी बाई तर तुमच्या कॅमेऱ्यासमोर उभी आहे ना!

हे करता येतं, हेही मला फोनमुळेच कळलं. एका दुपारी जात्यावरच्या ओव्या लागल्या. माझी आई मुळशी खोऱ्यातली, त्यामुळे चाल ओळखीची. (एका गिऱ्हाइकाची बाही त्या दिवशी उलटी लागली, तो भाग वेगळा.) मुलाला विचारून शोधलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॉ यांनी पुण्यातून काम करत गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या आता ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येत असतात. तिथं ओवीखाली गाणारीचं नाव, गाव, तालुका, वय, मुलं किती, पोटापाण्याला काय करते, हेसुद्धा लिहिलेलं असतं. ते वाचून परत ऐकलं की आवाजाला चेहरा येतो. माझ्या आईच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. मला चार-पाच आठवतात, त्याही अर्ध्या. हा दोष माझाच.

जत्रेत, लग्नात, जागरणात मोबाइल धरणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे. चॅनेल खुशाल चालवा, चार पैसे मिळवा. त्यातले बाईंना किती मिळतात, हे पुन्हा कधीतरी विचारीन. तूर्त गाणं संपल्यावर त्यांच्याजवळ जा, “मावशी, नाव लिहू का?” म्हणून विचारा, आणि त्यांचा होकार असेल तर नाव, गाव, तारीख एवढी एक ओळ खाली टाका. याला अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ लागत नाही. हूक लावायलाही त्याहून जास्त लागतो.

त्या मुरळीबाईंचा व्हिडिओ फोननं नंतर कधी लावला नाही. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, एवढं डोळ्यांसमोर आहे. दोन रविवार मुलाला बसवून शोधायला लावलं. तो म्हणाला, “आई, नाव सांग, लगेच काढतो.”

– एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे