ढोलवाला गेला, त्यावरून

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

स्पेनच्या फुटबॉल संघाचा ढोलवाला चाहता मानोलो गेल्याचं तू कळवलंस, त्याखाली तुझं एकच वाक्य होतं : 'बाबा, जीव लावावा तर असा.' फोनवर यावर धड बोलणं झालं नसतं, म्हणून लिहायला बसलो. तुझं म्हणणं मला पटतं, पण निम्मंच.

पटलेलं आधी सांगतो. तू स्पेनचा चाहता झालास तो २०१० मध्ये, वर्ल्डकपच्या अंतिम सामन्यात ११६व्या मिनिटाला इनिएस्तानं गोल मारला त्या रात्री. म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या. लहान होतास, तुझा काय दोष! मानोलोच्या वाट्याला असं आयतं काही आलं नव्हतं. १९८२चा वर्ल्डकप त्याच्याच देशात होता. हा गडी खांद्याला ढोल अडकवून, भेटेल त्या गाडीला हात करत संघामागे देशभर हिंडला. सगळं मिळून १५,८०० किलोमीटर. आणि संघ? उत्तर आयर्लंडकडून हरला, पुढच्या फेरीत पश्चिम जर्मनीकडूनही हरला आणि घरच्या अंगणातून रिकाम्या हातानं बाहेर पडला.

पुढची यादी तर अशी आहे की एखाद्यानं फुटबॉलच सोडला असता. १९८६ मध्ये बेल्जियमकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हार. १९९४ मध्ये इटलीच्या तासोत्तीनं कोपर मारून स्पेनच्या लुईस एन्रिकेचं नाक फोडलं, पंचांना दिसलं नाही आणि सामना गेला. १९९८ मध्ये पहिल्याच फेरीत घरी. २००२ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध दोन गोल रद्द झाले नि पुन्हा शूटआउट. तो कोरियाचा सामना मला अजून आठवतो. पंचांना मी ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही, तुझी आई पत्र वाचल्याशिवाय पाठवू देणार नाही.

या सगळ्या काळात टीव्हीचा कॅमेरा हमखास या माणसावर जायचा. डोक्यावर भलीमोठी काळी चपटी टोपी, अंगात १२ नंबरचा लाल शर्ट, पोटाशी ढोल. संघ पिछाडीवर असला की समालोचकाचा आवाजही पडायचा, पण त्या आवाजाखालून ढोलाचा ठोका ऐकू येत राहायचा. लय बदलायची नाही. जिंकत असताना कोणीही बडवेल. हरताना त्याच लयीत बडवायला वेगळं मनगट लागतं. २००८ चा युरो कप हाती लागेपर्यंत त्यानं अडीच दशकं हे केलं. सगळे मिळून दहा वर्ल्डकप आणि आठ युरो स्पर्धा. इथवर तुझं म्हणणं शंभर टक्के कबूल.

आता न पटलेलं. १९८७ मध्ये असाच एका दौऱ्यावरून तो घरी परतला, तर घर रिकामं. बायको मुलांना घेऊन निघून गेली होती. ही गोष्ट तो स्वतःच मुलाखतींत सांगायचा आणि वाचणाऱ्यांना ती निष्ठेची परमावधी वाटायची. मला नाही वाटत. प्रेम त्याचं होतं, पण त्याची किंमत त्या पोरांनी मोजली आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. पुढे त्यानं व्हॅलेन्सियात मेस्ताया स्टेडियमजवळ बार चालवला, जगभरचे लोक त्याच्यासोबत फोटो काढून गेले, १ मे २०२५ ला तो गेला तेव्हा सगळा देश हळहळला. हे सगळं खरं. तरी त्या रिकाम्या घरावरून मला उडी मारून पुढे जाता येत नाही.

म्हणून मला विचारशील तर माझा माणूस दुसरा. ब्राझीलच्या संघाचा चाहता क्लोव्हिस फर्नांडिस. पांढऱ्या मिशा, रुंद कडांची टोपी आणि काखेत वर्ल्डकपची प्रतिकृती. १९९० ते २०१४, ओळीनं सात वर्ल्डकप, त्यांतले दोन जिंकलेले. मानोलोच्या शर्टावर १२ नंबर होता, तसं यालाही लोक बारावा खेळाडू म्हणायचे. ८ जुलै २०१४ ला वर्ल्डकपच्या उपांत्य सामन्यात जर्मनीनं ब्राझीलचा ७-१ असा धुव्वा उडवला. पहिल्या अर्ध्या तासातच पाच गोल. तेव्हाचा त्याचा फोटो जगभर फिरला : डोळे पाण्यानं भरलेले, कप छातीशी असा घट्ट धरलेला की कोणी हिसकावून नेईल. लोकांना तो फोटोच आठवतो. पण त्यानंतर त्यानं तोच कप जवळच्या एका जर्मन मुलीच्या हाती दिला. अंतिम सामन्याला घेऊन जा, आता तो तुमचा, असं म्हणत. एवढ्या मानहानीनंतर हे सुचायला मोठं मन लागतं. माझ्या हातून झालं नसतं, मी टीव्ही बंद करून झोपलो होतो.

वर्षभरानं, सप्टेंबर २०१५ मध्ये, कर्करोगानं तो गेला. साठीचा होता. २०१८ च्या रशियातल्या वर्ल्डकपला त्याची मुलं बापाची टोपी नि कप घेऊन स्टेडियममध्ये हजर होती. फिरस्ता हाही काही कमी नव्हता, पण मुलं त्याच्या वेडाबाहेर राहिली नाहीत.

तू नोकरीला लागल्यापासून सामन्यांसाठी रजा टाकतोस, पैसे साठवतोस, त्याला माझी ना नाही. उलट कौतुकच आहे. फक्त पुढेमागे लग्नाचा विषय निघेल तेव्हा समोरच्या मुलीला हे वेड आधी सांग, नंतर नको.

२०२६ चा वर्ल्डकप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे, त्यामुळे बरेच सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. जून-जुलैतली रजा आत्ताच मागून ठेव आणि स्पेनचे सामने बघायला इकडे ये. आईचं म्हणणं आहे की आवाज खाली ठेवायचा. ढोल आणलास तर जबाबदारी तुझी.

तुझा,
बाबा