टाकीवरची अक्षरे खरवडली, आटे कापले: १९४२ च्या बीएसए एम२० विषयी तक्रार

दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५
सातारा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जुन्या मोटारसायकली पुनर्बांधणी विभाग,
पुणे.

विषय : बीएसए एम२० (सन १९४२) या गाडीच्या कामात लेखी सूचना डावलल्याबद्दल, न केलेल्या कामाचे पैसे घेतल्याबद्दल आणि मूळ भाग परत न दिल्याबद्दल.

महोदय,

६ मे २०२४ रोजी मी माझ्या वडिलांची फटफटी तुमच्याकडे आणून दिली. २७ जानेवारीला ती टेम्पोने साताऱ्याला परत आली. चार महिने म्हणालात आणि जवळजवळ नऊ लागले, त्याबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही. जुन्या गाडीला वेळ लागतो. माझी तक्रार कामाची आहे, आणि ती मी फोनवर दोनदा सांगून झाली आहे. दोन्ही वेळा मला उत्तर मिळाले, "काका, गाडी चकाचक झालीय ना? मग?" म्हणून आता लिहून पाठवतो.

मी ३१ वर्षे आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. पुढे जे लिहिले आहे ते व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि पिच गेज लावून तपासून लिहिले आहे.

आधी टाकीविषयी, कारण बाकी सगळे पैशाने भरून येईल, हे येणार नाही.

माझे वडील गुरांचे डॉक्टर होते. १९५१ साली त्यांनी ही गाडी पुण्याच्या जुन्या बाजारातून, लष्कराच्या डिस्पोजलच्या मालातून घेतली. पुसेगाव, वडूज, दहिवडी, म्हसवड या पट्ट्यात वीस-बावीस वर्षे ती धावली. टाकी त्यांनी स्वतः काळी रंगवली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या रंगात 'गुरांचा दवाखाना' असे हाताने लिहिले होते. उजव्या बाजूचा 'खा' थोडा वाकडा होता. जिथे काळा रंग उडाला होता तिथे खालचा फौजी तपकिरी रंग दिसायचा आणि त्यावर 'सी' अक्षराने सुरू होणारा लष्करी क्रमांक, त्यातले चार आकडे अजून वाचता येत होते. युद्धकाळात ब्रिटिश सैन्याच्या प्रत्येक मोटारसायकलच्या टाकीवर असा 'सी' क्रमांक असे. म्हणजे गाडी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून आपल्याकडे कशी आली याचा तेवढाच एक धागा शिल्लक होता.

तुमच्या कामाच्या पत्रकावर माझ्या हस्ताक्षरात लिहिले आहे : "टाकीच्या बाहेरच्या रंगाला हात लावू नये. फक्त आतून गंज काढून धुवावी." त्याखाली तुमच्या माणसाची सही आहे. प्रत सोबत जोडली आहे. असे असताना टाकी सँडब्लास्ट केली गेली. आता ती चकचकीत काळी आहे, सोनेरी रेघा मारलेल्या आहेत. युद्धाच्या गाडीला सोनेरी रेघ कधीच नव्हती. पण रेघेचे मला दुःख नाही. टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा माझी ८८ वर्षांची आई ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. तिने विचारले, "ह्यांची अक्षरं कुठायत?" मी काही बोलू शकलो नाही.

आता आट्यांविषयी. ब्रिटिश गाडी उघडणाऱ्याला पहिली गोष्ट माहीत असावी लागते ती ही, की इथे मिलिमीटर चालत नाही. व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली ठरवलेले ५५ अंशांचे आटे, त्याच घराण्यातले बारीक बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आणि सायकल धंद्यातून आलेले ६० अंशांचे इंचाला २६ आटे, हे सगळे एकाच इंजिनावर सापडते. पान्यावर १/४ किंवा ५/१६ लिहिलेले असते ते नटाच्या तोंडाचे माप नसते, बोल्टच्या दांड्याचे असते. वडिलांचा असा पान्यांचा पूर्ण संच मी गाडीबरोबर मुद्दाम दिला होता. तो जसाच्या तसा, सुतळीची गाठही न सोडता परत आला. गाठ वडिलांची होती, ती मी ओळखतो. याचा अर्थ पूर्ण इंजिन मेट्रिक पान्यांनी खोलले गेले. नटांचे कोपरे घसरलेले आहेत ते त्यामुळेच.

त्याहून वाईट म्हणजे क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचातल्या, ५/१६ च्या चार भोकांत कुणीतरी ८ मिलिमीटरचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारला आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. फरक केसाएवढा, म्हणून वाटते की चालून जाईल. पण व्हिटवर्थला इंचाला १८ आटे, आणि ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या टॅपला सव्वा मिलिमीटरचा पिच, म्हणजे इंचाला वीसच्या वर. नवा टॅप जुन्या आट्यांना तिरका कापत जातो. दोन-तीन फेरे बरे बसतात, पुढे नवे आटे जुन्यांवरून सरकतात आणि मधले मांस खाल्ले जाते. बिडात हे थोडे खपून जाईल, ॲल्युमिनियमच्या कवचात नाही. मी टॉर्क पाना लावला तेव्हा दोन स्टड पूर्ण ताण येण्याआधीच फिरू लागले. आट्यांतून निघालेले धातूचे चूर्ण मी डबीत जपून ठेवले आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाने वर्गात असे केले असते तर मी त्याला जॉब पुन्हा पहिल्यापासून करायला लावला असता.

मॅग्नेटोबद्दल, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राबद्दल; वरच्या डायनामोसह त्याला मॅग्डायनो म्हणतात. तुमच्या बिलात स्पष्ट ओळ आहे : "मॅग्डायनो, आर्मेचर रिवाइंड व नवीन कंडेन्सर, ₹२८,०००." घरी आल्यावर गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. मला फार आनंद झाला. स्टँडवर उभी करून, समोर पंखा लावून चालू ठेवली. अठराव्या मिनिटाला फटफटली आणि बंद पडली. मग कितीही किक मारा, ठिणगी नाही. दीड तासाने थंड झाल्यावर पुन्हा सुरू. असे सलग तीन दिवस झाले. गाडी तुमच्याकडे आणली तेव्हा नेमका हाच आजार होता आणि तो मी पत्रकावर पहिल्याच ओळीत लिहिला होता.

थंड असताना ठिणगी आणि गरम झाल्यावर नाही, ही लुकास कंपनीच्या जुन्या मॅग्नेटोची जगभर ओळखली जाणारी खूण आहे. कंडेन्सर आर्मेचरच्या (तारा गुंडाळलेल्या फिरत्या गाभ्याच्या) आत, टोकाच्या पितळी टोपणाखाली बसवलेला असतो. आर्मेचर काढून उघडल्याशिवाय तो बदलताच येत नाही. मी ते उतरवले. टोपणाच्या स्क्रूंच्या खाचांत ऐंशी वर्षांचा मळ जसाच्या तसा. तारांवरची जुनी लाख उष्णतेने विरघळून बाहेर आलेली, स्लिपरिंगवर चिकट तपकिरी थर. (ही लाख त्या काळी मुख्यतः आपल्याच देशातून जगभर जात असे. ती गाडीबरोबर परत इकडे आली आणि इथल्याच माणसाने तिच्याकडे पाहिले नाही, हे मला लागले.) वरचा डायनामो, तो बांधणारा पट्टा आणि बाहेरचे कवच मात्र बफ मारून आरशासारखे केले आहे. पॉलिश झाले, रिवाइंडिंग झालेच नाही. ₹२८,००० कशाचे घेतले?

कार्बोरेटर बदलला. गाडीवर अमाल कंपनीचा २७६ होता, मूळचा. आता तिथे बुलेटला लागतो तसला नवा कार्बोरेटर आहे, मधे वेल्डिंग केलेली पट्टी देऊन बसवलेला. मला विचारले नाही, आणि अमाल परतही आला नाही. तो झिजला होता हे मान्य. स्लाइडला बाही घालून तो दुरुस्त होतो, तेच करायला सांगितले होते. एम२० ही ४९६ सीसीची साइडव्हॉल्व्ह गाडी आहे. बोअर ८२, स्ट्रोक ९४ मिलिमीटर, कॉम्प्रेशन पाचच्याही खाली, ताकद जेमतेम १३ अश्वशक्ती. तिला वेग नको, खालच्या फेऱ्यांवर ओढ हवी. नव्या कार्बोरेटरवर ती रिकामी चालताना अडखळते आणि गिअरमध्ये टाकली की गुदमरते.

शेवटचा मुद्दा, आणि हा कायद्याचा आहे. क्रँककेसवर सिलिंडरच्या बुडाशी 'डब्ल्यूएम२०' पासून सुरू होणारा इंजिन क्रमांक ठोकलेला आहे. तिथेही बफ फिरवला गेला आहे. नुसत्या डोळ्याला तिरप्या उजेडात आकडे दिसतात, पण कागद ठेवून पेन्सिल घासली तर दोन आकडे उमटत नाहीत. आरटीओला पेन्सिल छाप लागते हे तुमच्यासारख्यांना मी सांगायला नको. २०२१ च्या अधिसूचनेनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हीए' क्रमांकाखाली नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी. हे सारे काम मी त्या नोंदणीसाठीच करून घेत होतो. आता इंजिन क्रमांक पुसट, कार्बोरेटर परका. अधिकाऱ्याने प्रश्न विचारला तर मी काय दाखवू?

जे चांगले झाले तेही लिहितो, नाहीतर अन्याय होईल. दोन्ही चाकांचे काम उत्तम आहे. १९ इंची रिमा, नवे स्पोक, डायल लावून पाहिले तर डगडग अर्ध्या मिलिमीटरच्या आत. सिलिंडरचे बोअरिंगही मापात आहे, पिस्टनची फट बरोबर. पुढच्या गर्डर फोर्कच्या बुशी नीट बसल्या आहेत. ज्यांनी हे केले त्यांना माझा निरोप द्या. तुमच्याकडे हात असलेली माणसे आहेत, म्हणूनच मी सांगलीचा आणि मुंबईचा पत्ता सोडून तुमच्याकडे आलो होतो.

या गाड्या बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात बनल्या. नोव्हेंबर १९४० मध्ये त्या कारखान्यावर बॉम्ब पडले आणि रात्रपाळीवरचे ५३ कामगार गेले. तरीही कारखाना थांबला नाही. युद्ध संपेपर्यंत एम२० च्या सुमारे १,२६,००० गाड्या तयार झाल्या. त्यातली एक साताऱ्याच्या माणदेशात गाईगुरांच्या औषधाच्या पेट्या वाहत फिरली. मी तुम्हाला ती नवी करायला दिली नव्हती, चालती करायला दिली होती. हा फरक पत्रकावर तीन ठिकाणी लिहिलेला आहे.

माझी मागणी अशी. अमाल कार्बोरेटर, काढलेले सर्व स्टड, नट, जुना पिस्टन आणि बदललेला प्रत्येक भाग, भंगारात टाकला असेल तर तिथून शोधून, मला परत मिळावा. ते माझे आहेत. मॅग्डायनोचे ₹२८,०००, टाकीच्या रंगाचे ₹१४,५०० आणि बुलेटच्या कार्बोरेटरचे ₹९,२०० परत करावेत. क्रँककेस मी तुमच्याकडे पुन्हा पाठवणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझा एक जुना विद्यार्थी आहे, तो भोके मोठी करून पितळी बुशी बसवेल आणि त्यांत व्हिटवर्थचे आटे पाडून देईल. त्याचे बिल तुम्ही द्यावे. इंजिन क्रमांकाचा मूळ ठसा तुमच्या कामाच्या वेळी घासला गेला, तो बदललेला नाही, असे कंपनीच्या पत्रावर सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे, म्हणजे आरटीओसमोर मला ते ठेवता येईल.

आणि टाकीबद्दल : सँडब्लास्ट करण्याआधी तुमच्या कार्यशाळेत प्रत्येक गाडीचे फोटो काढतात असे मला गाडी देताना सांगितले होते. त्या फोटोंत टाकीच्या दोन्ही बाजू असतील. ते फोटो मला मूळ आकारात, कमी न करता पाठवा. लष्करी क्रमांकाचे चार आकडे त्यात वाचता आले तर फार मोठी गोष्ट होईल. वडिलांची अक्षरेही त्यावरून उतरवून घेता येतील.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. नाही आले तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. माझी राहण्याची जागा इथे असल्याने मला तो इथे करता येतो. बिले, कामाचे पत्रक, आटे कापल्याचे आणि आर्मेचरचे फोटो, चूर्णाची डबी असे सर्व पुरावे माझ्याकडे आहेत. फोटो मात्र १५ दिवसांची वाट न पाहता आजच पाठवले तरी चालतील. आई रोज विचारते.

आपला,
(सही)

सोबत : कामाच्या पत्रकाची प्रत, बिलाची प्रत, ११ फोटो.