सिस्टर, तुमच्यावर सक्ती नव्हती

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलाचा दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन कॉन्व्हेंटच्या दारात आलो, तेव्हा तुमची बदली झाल्याचं कळलं. पेढे दुसऱ्या सिस्टरांनी आनंदाने घेतले, पण तुम्हाला सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण आमच्या वागळे इस्टेटपासून दिव्या-मुंब्र्यापर्यंत माझ्यासारख्या कितीतरी आया असतील, ज्यांच्या मुलांना वाचता-लिहिता अडतं, पण ज्यांना त्याबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही.

तिसरीपर्यंत माझा मुलगा दुसऱ्या एका शाळेत होता. तिथे पालकसभेत सगळ्यांदेखत मला सांगितलं, "याच्या डोक्यात काही शिरत नाही." घरी येऊन मी त्याला मारायचे, सिस्टर. 'बी'चा 'डी' केला की एक फटका. हे मी तुम्हाला पहिल्याच भेटीत रडत सांगितलं, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. उठून माठातलं पाणी आणून दिलंत.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर रव्याचं ताट ठेवलंत. वही नाही, पेन्सिल नाही. रव्यात बोटाने अक्षर गिरवायचं, तोंडाने त्याचा उच्चार करायचा, ताट हलवून पुसायचं, पुन्हा गिरवायचं. मग दोन्ही मुठी वळून अंगठे वर करायला शिकवलंत. डावी मूठ 'बी', उजवी 'डी', मुठी एकमेकींना टेकवल्या की मधे पलंग, म्हणजे 'बेड'. तो हसत सुटला होता. अभ्यास करताना तो हसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

डिस्लेक्सिया हा शब्द तुमच्याकडूनच ऐकला. यात बुद्धी कमी नसते, अक्षरं ओळखण्याची वाट वेगळी असते, हे तुम्ही ह्यांना तीनदा समजावलंत. सायन हॉस्पिटलच्या पहिल्या फेरीला ठाण्याहून स्लो लोकलने माझ्याबरोबर आलात. डोळे, कान, बुद्धिमापन, वाचन-लेखनाची चाचणी, एकेक करत फेऱ्या वाढत गेल्या. पण डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट हातात आलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या मुलांचा समावेश आहे आणि महाराष्ट्रात परीक्षेच्या सवलती तर 1996 पासून आहेत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला आनंद होण्याआधी रागच आला. इतकी वर्षं असलेली गोष्ट आमच्यापर्यंत का पोचली नव्हती?

फीचं सांगते. ह्यांचं वर्कशॉप बंद पडलं त्या वर्षी मी त्याचं नाव काढायला आले होते. त्याला पहिलीत घालताना आम्ही आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने गरीब मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के जागांचा फॉर्म भरला होता, सोडतीत नंबर लागला नव्हता. तुमच्या शाळेत तो कोटा का नाही, असं मी जरा चिडूनच विचारलं. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्यातून वगळल्यात, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. आणि लगेच म्हणालात, "कोटा नाही, पण मूल आमचंच आहे."

त्याच आठवड्यात चर्चच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे दोघे जण चाळीत आले. चहा घेतला, घरची परिस्थिती विचारली. आम्ही कॅथलिक नाही, भिंतीवर विठ्ठल-रखुमाईची तसबीर आहे, पण त्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. निम्मी फी त्यांनी भरली, उरलेली शाळेने माफ केली. वर्गात कुणाला पत्ताही लागला नाही. मुलाला पावती इतरांसारखीच मिळाली, त्याच रंगाची, घडी घातलेली. मला तर वाटतं, फी माफ करणारे भेटतीलही. पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून इतकं जपणारे फार थोडे. कायद्याने तुम्हाला मोकळं सोडलं होतं. तरी तुम्ही केलंत. हे मी विसरणार नाही.

दहावीला तासाला 20 मिनिटं जादा, कॅल्क्युलेटर आणि लेखनिक मिळाला. नववीतली ती लेखनिक मुलगीही तुम्हीच शोधलीत, तिच्या आईला भेटून तयार केलंत. इंग्रजीच्या पेपरला तो उत्तरं सांगत होता आणि अडलं की बाकाखाली हळूच मुठी वळत होता, असं त्याने घरी येऊन सांगितलं.

61 टक्के मिळाले. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरलाय, त्याला तेच हवंय.

आमच्या मागच्या खोलीत एक मुलगी आहे, दुसरीतली. तिची आई तिला मारते, भिंतीपलीकडून ऐकू येतं. परवा मी रव्याचं ताट घेऊन गेले. आधी तिला काही कळेना, मग माझ्या मुलानेच मुठी वळून दाखवल्या. पुढच्या आठवड्यात त्या दोघींना घेऊन मी सायनला जातेय. केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या मजल्यावर जायचं, सगळं मला पाठ आहे.

तुमची,
चौथी ते दहावी तुमच्याकडे शिकलेल्या एका मुलाची आई
वागळे इस्टेट, ठाणे