यादीत माझंही नाव आहे, पण त्या रानात घर नको : महसूलमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : गावच्या झुडपी जंगलात घरकुल वसाहत उभारण्याचा प्रस्ताव रद्द करण्याबाबत

साहेब, नमस्कार.

आधीच सांगून टाकते, घरकुलाच्या यादीत माझं नाव आहे. दर पावसाळ्यात मातीच्या भिंतीला ताडपत्री बांधून बसणाऱ्यांतली मी एक. तेव्हा ‘पोट भरलेल्या लोकांना गरिबाचं घर बघवत नाही’ असं जे तुमच्या कानावर घातलं जातंय, ते हे पत्र वाचेपर्यंत तरी बाजूला ठेवा. आम्हाला घर हवंच आहे. पण त्या रानात नको, आणि असं म्हणणाऱ्यांत यादीतलीच माणसं जास्त आहेत.

रान म्हणजे मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) काळातल्या तलावाच्या, वरच्या अंगाचा पट्टा. मोह, तेंदू, चारोळीचं चार, पळस, धावडा, बेहडा, मधूनच ऐन. तलावाकडून चढताना उजव्या हाताला मातामायचं ठाणं. निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सरपण-चराईच्या हक्कांच्या सरकारी कागदात, या जमिनीची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. पाहणीला माणसं आली ती ऐन पानगळीत. पळस, तेंदू, मोह सगळेच तेव्हा उघडेबोडके. गाडी रस्त्यावरच उभी राहिली, दोघं जण आत चार पावलं फिरून आले आणि पंचनाम्यात ‘विरळ झुडपे, जागा पडीक’ असं लिहून गेले. त्याच दिवशी पहाटे त्याच ‘पडीक’ जागेतून बाया टोपल्या भरून घरी आल्या होत्या.

मोहाचा हंगाम तुम्ही जवळून पाहिला आहे की नाही, ठाऊक नाही. मार्चच्या मध्यापासून फूल गळायला लागतं. रात्रभर गळत राहतं, आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं, नाहीतर गुरं आणि हरणं आधी पोचतात. झाडाखालचा पाचोळा आम्ही आधीच झाडून ठेवतो. कुणाचं झाड कोणतं हे कुठंच लिहिलेलं नाही, तरी त्यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. सासूचं झाड सुनेकडे येतं. ओलं फूल पिवळसर, रसानं फुगलेलं असतं. अंगणात चार-सहा दिवस वाळलं की मनुक्यासारखं तांबूस होतं आणि मग त्याचा वास घरभर राहतो. उन्हाळ्यात धानाच्या बांधीत काम नसतं, मजुरी नसते. तेव्हा तेल-मीठ, पोरांच्या वह्या, रोवणीच्या आधीचा खर्च याच फुलांवर निघतो. मेमध्ये तेंदूपत्ता, जूनच्या तोंडावर तेलासाठी टोळ, म्हणजे मोहाचं फळ, पावसानंतर टेकोडे, म्हणजे रानातली अळंबी. २०२१ मध्ये सरकारनंच मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध उठवले, म्हणजे या धंद्याला मान दिला. आता तीच झाडं वसाहतीच्या नकाशात ‘अडथळा’ झाली आहेत.

चुन्याच्या रेषा आखायला आलेल्या पोराला आमच्या वाड्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, “घर त देतेस बापू, पन चुलीत का घालू, तुही यादी?” पोरगा हसला आणि टेप गुंडाळायला लागला. त्याची चूक नाही, त्याला रेष मारायला पाठवलं होतं. (उज्ज्वलाचा सिलेंडर घरोघरी आहे. भरलेला किती घरी आहे, ते विचारू नका.)

तलावाचंही सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, पण पाणी येण्याची वाट काही बदलली नाही. ते वरच्या रानातूनच येतं. तलाव बांधणाऱ्यांनी वरचं रान मोकळं सोडलं होतं, ते उगाच नव्हे. तिथं मुरूम खोदला, सिमेंटचे रस्ते आणि नाल्या केल्या की पहिल्या पावसात गाळ तलावात, आणि वसाहतीचं सांडपाणी बाराही महिने. तलावाखालच्या बांध्यांमध्ये धान कुणाचा आहे? पुन्हा आमचाच.

कायद्याचं मी तुम्हाला काय सांगणार. पण गावात कागद वाचून पाहणारी दोन-तीन पोरं आहेत आणि त्यांनी जे काढलं, ते तुमच्या खात्यानं आम्हाला सांगायला हवं होतं.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं, म्हणजे आपल्या अमरावतीच्याच माणसानं, निकाल दिला की १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे हे सगळं जंगलच धरायचं. त्या तारखेआधी रीतसर दिलेल्या जागांना वाट ठेवली आहे, तीही केंद्राच्या मंजुरीची. त्यानंतर कुणी जागा दिली असेल, तर देणाऱ्या अधिकाऱ्यावर आधी कारवाई आणि मग मंजुरीचा विचार. आणि अतिक्रमण काढायला प्रत्येक जिल्ह्यात पथक.

आता सांगा साहेब, २०२५ नंतर त्याच जमिनीवर आमची घरं बांधायची म्हणजे काय होणार? भिंती उभ्या राहतील, फीत कापली जाईल, फोटो निघतील. पण पट्टा मिळणार नाही, बँक कर्ज देणार नाही, आणि उद्या कुणी न्यायालयात गेलं की सरकारनं बांधून दिलेलं घर सरकारच्याच दफ्तरी अतिक्रमण ठरेल. नोटीस यायची ती आमच्या नावानं. ज्यांनी ‘जागा पडीक’ लिहिलं, त्यांची तोवर बदली झालेली असेल.

वनहक्क कायदा २००६ मध्येही हेच दिसतं. गावाच्या सोयीसाठी वनजमीन वळवायची असेल तर कलम ३(२) मध्ये तेरा कामं सांगितली आहेत : शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, तलाव, रस्ता, समाजमंदिर अशी. त्यासाठी जागाही एक हेक्टरच्या आत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. त्या तेरांत राहण्याची घरं नाहीत. आमचा सामूहिक वनहक्काचा दावा उपविभागीय स्तरावर पडून आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला असा हक्क २००९ मध्येच मिळाला, आम्ही अजून त्रुटींची पत्रं गोळा करतोय. दाव्याचा निकाल लागायच्या आत दाव्यातली जमीनच वसाहतीला देऊन टाकायची, हे तुम्हाला तरी पटतं का?

गावात एकमत आहे असं खोटं सांगणार नाही. काही तरुण म्हणतात, मिळतंय ते घ्या, पुढचं पुढे पाहू. त्यांना भीती घातली आहे की यंदा जागा ठरली नाही तर मंजूर घरकुलं दुसऱ्या गावाला जातील. ज्याच्या घरात दोन सुना आणि एकच खोली आहे, त्याला मी मोहाचं महत्त्व कोणत्या तोंडानं सांगू? त्याचा राग खरा आहे. पण त्याला एकच जागा दाखवून ‘ही घे नाहीतर काहीच नाही’ असं म्हणणं ही शुद्ध अडवणूक आहे.

कारण जागा आहे. गावठाणात पडक्या घरांच्या किती जागा आहेत, ते फेरी मारली तरी कळेल. माणसं नागपूर-पुण्याला गेली, भिंती खचल्या, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून आजोबांची नावं. वारसांना बोलावून त्या जागा मोकळ्या करायला तलाठी आणि ग्रामसेवकांनी मनावर घेतलं तर एक हंगाम पुरे. शिवाय बेघरांना जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला एक लाख रुपयांपर्यंत मदत आहे. आमच्या डांबरी रस्त्याच्या कडेला दोन शेतकरी जागा द्यायला तयार आहेत. तिथं वीज आहे, नळाची लाइन आहे, शाळा हाकेच्या अंतरावर आहे. दहा कुटुंबांनी मिळून एकत्र घेतलं तर दरही बसतो. हे आम्ही लेखी दिलं. उत्तर आलं, ‘पर्यायी जागा उपलब्ध नाही’.

‘तोडू त्याच्या दुप्पट झाडं लावू’ असंही आश्वासन मिळालं आहे. लावाल, नाही म्हणत नाही. पण मोह लावला तर फुलायला दहा-पंधरा वर्षं जातात, आणि आजवर अशा लागवडीत आम्ही मोह पाहिला नाही, साग पाहिला. तो तरी जगला असता तर बरं.

आणखी एक. अंधार पडला की त्या वाटेनं कुणी एकटं जात नाही. मोहाच्या दिवसांत अस्वल येतं, रानडुकरं बारमाही. तलावाच्या गाळात वाघाचे ठसेही दिसले आहेत. तिथं पोराबाळांची वसाहत नेऊन ठेवायची आणि काही अघटित घडलं की वनखात्याला शिव्या द्यायच्या, हे आम्हीच करू, मला माहीत आहे. म्हणून आत्ताच सांगते.

मागणी थोडकीच आहे. वसाहतीचा प्रस्ताव रद्द करा. पंचनामा ग्रामसभेसमोर, झाडांना पानं असताना, नव्यानं करा. निस्तार पत्रक तुमच्याच खात्याचं आहे, जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ खालचं. त्यात आमच्या सरपणाचे, चराईचे हक्क काय लिहिलेत, ते त्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवा. वनहक्क दाव्याचा निकाल लावा. आणि गावठाणातल्या पडक्या जागा व रस्त्याकडेची जमीन यांची मोजणी लगेच सुरू करा, म्हणजे यादीतल्या कुणाचंही घरकुल परत जाणार नाही. ग्रामसभेच्या आणि महिला सभेच्या ठरावांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. महिला सभेचा ठराव आधीचा आहे, तो आधी वाचावा.

तुम्ही स्वतः येणार असाल तर तारीख आठवडाभर आधी कळवा. रोवणीच्या दिवसांत ठेवू नका, गावात कुणी सापडणार नाही.

आपली,
घरकुल यादीतली एक लाभार्थी
आणि महिला सभेची सदस्य