निसटलेला पाळीव साप बहुधा घरातच असतो

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

इमारतीत ‘अजगराचे पिल्लू’ सापडल्याची बातमी आली की एक शंका आधी घ्यावी. तो आफ्रिकेतला बॉल पायथन (पाळला जाणारा छोटा अजगर) असून शेजारच्या एखाद्या फ्लॅटमधून निसटलेला असू शकतो. मालक भीतीने गप्प बसतो, पकडणारा त्याला देशी समजतो आणि परदेशी साप इथल्या रानात सोडला जातो. उलटी चूक तर जिवावर बेतते. घोणस दिसली आणि ‘कुणाचा तरी पाळलेला असेल’ म्हणून हात घातला की संपले. घोणशीच्या पाठीवर गोलसर ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोके त्रिकोणी आणि फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. बॉल पायथनचे डाग वेडेवाकडे असतात आणि घाबरल्यावर तो डोके आत घेऊन अंगाचा गोळा करतो. अर्थात हा फरक लांबूनच पाहायचा. खात्री नसेल तर कुणीही हात लावू नये.

साप निसटतो तो बहुतेक वेळा झाकणामुळे. जाळीचे झाकण नुसते टेकवून वर पुस्तक ठेवले जाते, आणि साप रात्रभर नाकाने कोपरा ढकलत राहतो. डोके मावेल एवढी फट मिळाली की बाकीचे अंग निघतेच. झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा हव्यात, सरकत्या काचेला कुलूप हवे. दिव्याची वायर आत जाते ते भोक सिलिकॉनने बुजवावे, मात्र ते पूर्ण सुकून वास जाईपर्यंत प्राणी आत ठेवू नये.

निसटल्याचे कळताच पहिले काम शोधण्याचे नाही, खोली बंद करण्याचे आहे. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा, मोरीची जाळी आणि कमोडचे झाकण लावा, पंखा बंद करा. मग फ्रिजच्या मागची कॉम्प्रेसरची बाजू, वॉशिंग मशीनचा तळ, सोफ्याचे खालचे अस्तर, कपाटामागची भिंत, बूट बघा. साप ऊब आणि अरुंद जागा शोधतो, त्यामुळे तो बहुधा पिंजऱ्याच्या जवळपासच असतो. सापडला नाही तर रात्री दाराशी आणि भिंतीकडेने पिठाचा पातळ पट्टा मारा. सकाळी माग दिसतो. शॅमेलिऑनचे, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचे, उलटे आहे, तो वर चढतो : पडदा, पडद्याची दांडी, कुंडीतले झाड. दिवसा शोधून हैराण व्हाल. रात्री टॉर्च मारा. झोपेत त्याचा रंग फिका पडतो आणि पानांत तो चटकन उठून दिसतो.

इजांमध्ये आम्हाला सर्वांत जास्त चीड येते ती भाजण्याची, कारण ती शंभर टक्के टळण्यासारखी असते. उबेसाठीचा बल्ब पिंजऱ्याच्या आत लावतात किंवा थेट जाळीवर टेकवतात. शॅमेलिऑन जाळीला उलटा लटकतो आणि डोक्यावरचा तुरा, पाठीची कड भाजते. सरपटणाऱ्यांना चटका वेळेवर जाणवत नाही, ते हलतच नाहीत. बल्ब बाहेर हवा, आणि सर्वांत उंच फांदीवर बसलेल्या प्राण्याच्या पाठीपासून किमान २० ते २५ सेंटिमीटर लांब. ही जागा २९ ते ३२ अंशांच्या वर जात नाही ना, हे थर्मामीटरनेच बघावे. तापणारे कृत्रिम दगड सरळ फेकून द्यावेत. त्यांनी पोट भाजते. भाजल्यास साधे गार पाणी, बर्फ नको. हळद, तेल, टूथपेस्ट तर नकोच.

पडून हाड मोडले तर पडण्याला दोष देऊन थांबू नये. कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) कमी पडून हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसते. यूव्हीबी देणारी ट्यूब पेटती दिसली तरी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण ६ ते १२ महिन्यांत, बदलावी लागते. मोडलेल्या पायाला घरी काडी बांधू नये, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. फांद्या नसलेल्या, मऊ टॉवेल घातलेल्या खोक्यातून डॉक्टरकडे न्यावे. इग्वाना शेपटीला धरून उचलू नये, ती तुटून हातात येते. पुन्हा उगवते, पण आखूड आणि काळपट. शॅमेलिऑनची शेपटी गेली की गेली. उरलेले किडे रात्री पिंजऱ्यात ठेवू नयेत, रातकिडे झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात.

बाल्कनीतून पडलेल्या कासवाची फुटलेली पाठ झटपट गोंदाने चिकटवणे ही हमखास होणारी चूक. जंतू आत कोंडले जातात. सलाइनने धुवावे, स्वच्छ गॉज लावावा आणि डॉक्टरांनी पाहीपर्यंत पाण्यात सोडू नये. रेड-इअर्ड स्लायडर हे पाण्यात राहणारे कासवही एक दिवस कोरड्यात राहिल्याने मरत नाही.

देशी घोयरा सरडा किंवा तारा कासव घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी ज्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत (आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत) येतात, त्यांची नोंदणी २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. नोंदणी टाळलेला मालक डॉक्टरकडे जात नाही आणि साप निसटल्याचे शेजाऱ्यांनाही सांगत नाही. आपण अशी बातमी छापाल तेव्हा जात तज्ज्ञाकडून ताडून घ्यावी आणि सोबत वनविभागाचा १९२६ हा मदतक्रमांक द्यावा, एवढी विनंती.

आपले,
सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे काही पशुवैद्यक, पुणे