बिडाच्या झाकणाखालचा सेन्सर

मा. संपादक,

मुंबईच्या जलवाहिन्यांवर दाब मोजणारे वायरलेस सेन्सर बसवायचा विषय निघाला की चर्चा किती आणि कुठे एवढ्यावरच थांबते. बॅटरीचा प्रश्न निविदेतल्या ‘१० वर्षे आयुष्य’ या शब्दांवर सोडून दिला जातो. हे सेन्सर जमिनीखालच्या चेंबरमध्ये असतात; सेल बदलायला भररस्त्यातले चेंबर उघडायचे तर वाहतुकीची परवानगी, रात्रीचे काम, आत उतरण्याआधी वायूची तपासणी. या खटाटोपापुढे सेलची किंमत काहीच नाही, म्हणून हिशेब आधीच मांडला पाहिजे.

बॅटरी रेडिओ खातो, असा समज आहे. खरा खादाड बहुधा दाबाचा सेन्सर असतो. सर्रास मिळणारा ४ ते २० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर, म्हणजे शून्य दाबाला ४ आणि पूर्ण दाबाला २० मिलिअँपिअर प्रवाह घेऊन दाब कळवणारा सेन्सर, १२ व्होल्टवर चालतो. ३.६ व्होल्टच्या सेलमधून व्होल्टेज चढवून तो सतत चालू ठेवला, तर वाहिनी रिकामी असतानाही सेलमधून सुमारे १६ मिलिअँपिअर जातात आणि डी आकाराचा १९ अँपिअर-अवरचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल ५० दिवसांत संपतो. तोच ट्रान्समीटर दर ५ मिनिटांनी १ सेकंद चालू केला, तर पूर्ण दाबालाही दिवसाचा खर्च साडेसहा मिलिअँपिअर-अवरच्या आत राहतो. मात्र ट्रान्समीटर स्थिर व्हायच्या आत आकडा टिपला तर दाब कमी दिसतो आणि गळतीचा खोटा इशारा जातो. ही वेळ प्रत्येक मॉडेलची वेगळी, ती मोजूनच ठरवावी.

रेडिओचे दुखणे झाकणात आहे. बिडाच्या झाकणाखाली अँटेना ठेवली की सिग्नल दबतो आणि लोरा (कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ) यंत्र स्प्रेडिंग फॅक्टर ७ वरून १२ वर जाते; हा आकडा जितका मोठा तितका संदेश सावकाश, पण क्षीण सिग्नलवरही पोचतो. १५ बाइटचा संदेश ७ वर ४६ मिलिसेकंदांत जातो, १२ वर त्यालाच सुमारे १.१६ सेकंद लागतात; म्हणजे २५ पट खर्च. अँटेना झाकणातच बसवावी किंवा जवळच्या खांबावर न्यावी. ते जमत नसेल तर १२ नोंदी एकत्र पाठवाव्यात: फॅक्टर १२ वर बारा सुटे संदेश मिळून १४ सेकंद घेतात, एकत्र संदेश २ सेकंदांत जातो. पावसाळ्यात चेंबर भरले की पाणी सिग्नल गिळते. संदेश मिळाल्याची पोच मागणारे यंत्र अशा वेळी तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत बसते. नेहमीच्या नोंदींना पोच मागूच नये. ती फक्त इशाऱ्यांना ठेवावी.

या सेलचा आणखी एक स्वभाव: बराच काळ पडून राहिला की आत थर धरतो, आणि रेडिओने एकदम प्रवाह ओढला की व्होल्टेज कोसळून यंत्र रीसेट होते. सेल चांगला असूनही ‘खराब’ म्हणून बदलला जातो. सोबत योग्य कपॅसिटर जोडला की हे टळते.

आपल्याकडे बऱ्याच झोनमध्ये पाणी ठरावीक तासच असते. मग दिवसभर एकाच वेगाने मोजायचे कशाला? चावीवाल्याने व्हॉल्व्ह फिरवल्यावर पहिला अर्धा तास दर मिनिटाला, पुढे ५ मिनिटांनी, पुरवठा बंद असताना १५ मिनिटांनी मोजावे. बंद काळात यंत्र पूर्ण झोपवण्याचा मोह मात्र आवरावा. वाहिनीतला दाब वातावरणाच्या खाली गेला की शेजारच्या गटाराचे पाणी तड्यांतून आत ओढले जाते, आणि लोकांच्या पोटात जाणारा धोका नेमका तेव्हाच शिरतो. त्यासाठी उणे दाबही दाखवणारा सेन्सर घ्यावा. साध्या गेजला शून्याखालचे काही कळत नाही.

निविदेत वर्षांऐवजी झाकण बंद करून, स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर मोजलेला रोजचा मिलिअँपिअर-अवर खर्च मागावा. या सेलचे व्होल्टेज जवळजवळ अखेरपर्यंत सपाट राहून मग एकदम पडते, त्यामुळे ते पाहून किती चार्ज उरला ते कळत नाही. वापरलेल्या चार्जची मोजणी यंत्रानेच ठेवावी आणि दिवसातून एकदा नोंदींसोबत पाठवावी.

– एक इन्स्ट्रुमेंटेशन अभियंता, मुलुंड