मेल सर्व्हर बांधण्याआधी मेकफाइल वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वतःचा मेल सर्व्हर उभारण्याविषयी आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत लेख आला. एक्झिम हा टपाल घेणारा-पोचवणारा प्रोग्रॅम सोर्सवरून (मूळ कोडवरून) बांधायला, म्हणजे कंपाइल करायला, 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' हे दोन आदेश पुरतात, असे त्यात म्हटले आहे. ते वाचून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि इथल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये काही जण कामाला लागतील, म्हणून हे पत्र. या दोन आदेशांच्या आधी जे करायचे असते, नेमके तेच लेखातून गळले आहे. एक्झिमच्या काही गोष्टी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये केव्हाही बदलता येतात. काही मात्र बांधणीच्या वेळीच प्रोग्रॅममध्ये कायमच्या बसतात, आणि त्या चुकल्या तर पुन्हा कंपाइल करण्यावाचून गत्यंतर नसते. (बांधणीच्या सूचना ज्या फाइलमध्ये असतात त्या मेकफाइलमधल्या ओळींची नावे इथे देवनागरीत देत आहे. फाइलमध्ये ती रोमन मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून असतात.)

फिलिप हेझल यांनी 1995 मध्ये केंब्रिज विद्यापीठात लिहिलेल्या या प्रोग्रॅमला नेहमीची 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट नाही. टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) सोडवा, आत 'लोकल' नावाची डिरेक्टरी करा, 'एसआरसी'मधली 'एडिटमी' फाइल तिथे 'मेकफाइल' या नावाने कॉपी करा आणि संपादकात उघडा (हा संपादक म्हणजे व्हीआय किंवा नॅनो). फाइल लांबलचक आहे, पण बहुतेक भाग सूचनांचाच आहे आणि त्या खरोखर वाचण्यासारख्या आहेत. नको असलेल्या सोयीपुढे 'नो' लिहीत बसू नका, ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह द्या.

पहिली अडचण 'एक्झिम यूजर' या ओळीची, म्हणजे एक्झिम कोणत्या खात्याने चालणार त्याची. ती मुद्दाम रिकामी ठेवलेली असते आणि भरल्याशिवाय बांधणी पुढे सरकत नाही. तिथे रूट (सर्वाधिकार असलेले खाते) लिहिले तरी नकार मिळतो. लॉगिन नसलेला वेगळा यूजर आधी तयार करून त्याचे नाव द्यायचे. खरी गंमत पुढे आहे. हे नाव बांधणीच्या वेळीच यूजर क्रमांकात बदलते आणि प्रोग्रॅममध्ये तो क्रमांक राहतो. लॅबमधल्या एका मशीनवर बांधून तीच बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्रॅम) दहा मशीनवर टाकली आणि तिथे त्या यूजरचा क्रमांक वेगळा असला, तर स्पूलची (टपालाच्या रांगेच्या डिरेक्टरीची) मालकी भलत्याच खात्याकडे जाते आणि परवानग्यांच्या चुका येऊ लागतात. बायनरी वाटायचीच असेल तर नावाआधी 'रेफ' आणि कोलन लावा, मग क्रमांक प्रोग्रॅम चालू होताना शोधला जातो.

'कॉन्फिगर फाइल' या ओळीतला कॉन्फिगरेशन फाइलचा मार्गही असाच पक्का होतो. ती फाइल रूटच्या मालकीची हवी आणि इतरांना लिहिता येईल अशी नको, नाहीतर मालक, ग्रुप किंवा मोड चुकीचा असल्याचे सांगून एक्झिम थांबतो. एक्झिम चालवताना 'मायनस कॅपिटल सी' देऊन दुसरी फाइल वापरता येते, पण डिसेंबर 2010 मध्ये उघड झालेल्या त्रुटीत याच वाटेने एक्झिम यूजरला रूटचे अधिकार मिळत होते. 4.73 या आवृत्तीपासून ती वाट आवळली आहे. रूटशिवाय कोणी अशी फाइल दिली तर एक्झिम आपले विशेषाधिकार सोडून देतो. विश्वासाच्या फायलींची यादी ज्या फाइलमध्ये असते, तिचा मार्ग बांधणीतच द्यावा लागतो.

लायब्ररींचे थोडक्यात. 4.93 पासून टीएलएस (जोडणीचे एन्क्रिप्शन) गृहीत धरलेले असते, म्हणून 'यूज ओपनएसएसएल' किंवा 'यूज ग्नूटीएलएस' यांपैकी एक ओळ उघडावीच (तिच्यापुढचा हॅश काढावाच) लागते. 4.96 पासून मजकुरातले नमुने जुळवणारी पीसीआरई-2 लायब्ररी लागते, जुनी पीसीआरई चालत नाही. 'डीबी डॉट एच सापडत नाही' अशी तक्रार आली तर बर्कले डीबी या डेटाबेस लायब्ररीचे डेव्हलपमेंट पॅकेज राहिले आहे. सर्व्हरवर एक्स विंडो (खिडक्यांचा ग्राफिक पडदा) नसेल तर 'एक्झिम मॉनिटर' बंद ठेवा.

प्रत्येक पत्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवणाऱ्या मेलडिर पद्धतीची ओळ, 'सपोर्ट मेलडिर', मुळात बंद असते. ते न उघडता कॉन्फिगरेशनमध्ये मेलडिर फॉरमॅट मागितला, तर हा पर्यायच ओळखीचा नाही असे उत्तर येते आणि माणूस स्पेलिंग तपासत बसतो. टपालपेट्या सांभाळणाऱ्या डव्हकॉट प्रोग्रॅमकडे टपाल त्याच मशीनवरच्या सॉकेटमधून एलएमटीपीने (स्थानिक टपाल सोपवण्याच्या प्रोटोकॉलने) द्यायचे असेल तर 'ट्रान्सपोर्ट एलएमटीपी'ही उघडा.

मराठी वाचकांना सर्वांत जवळची ओळ 'सपोर्ट आय-अठरा-एन' (इतर लिप्यांतल्या पत्त्यांची सोय), आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. डॉट भारत डोमेन 2014 पासून मिळतात. अशा डोमेनचे रूपांतर रोमन अक्षरांच्या प्युनिकोडमध्ये होते, पण 'तक्रार' किंवा 'चौकशी' असा ॲट चिन्हाच्या आधीचा भाग तसा बदलता येत नाही. त्याला एसएमटीपी-यूटीएफ-8 (टपालाच्या प्रोटोकॉलमधली अशा पत्त्यांची सोय) हवे, आणि ही ओळ न उघडता बांधलेला एक्झिम ते जाहीरच करत नाही. तिच्यासोबत लिंकरच्या ओळीत आयडीएन लायब्ररी जोडायला विसरू नका. एवढे करूनही पुढच्या सर्व्हरला ही सोय नसेल, तर देवनागरी पत्त्याचे टपाल परत येते. म्हणून सिंहस्थासाठी मराठी पत्ते छापू पाहणाऱ्या संस्थांनी जोडीला एक रोमन पत्ता ठेवावा.

ज्या खात्यांच्या अधिकाराने टपाल कधीच पोचवायचे नाही त्यांची यादी, 'फिक्स्ड नेव्हर यूजर्स', तिच्यातला रूट काढू नका. रूटच्या नावाचे टपाल त्यामुळे अडते हे खरे, पण त्यावर उपाय एलियास (पर्यायी नावांच्या) फाइलमध्ये रूटपुढे एखाद्या माणसाचे खाते लिहिणे हाच.

इन्स्टॉल करण्याआधी 'मेक', मग 'इन्स्टॉल आर्ग', बरोबरचे चिन्ह आणि मायनस एन (मध्ये जागा न सोडता), मग 'इन्स्टॉल' असा आदेश द्या. काय कुठे जाणार ते दिसते, बदल काहीच होत नाही. खरे इन्स्टॉल मात्र रूटनेच करावे, कारण बायनरीला सेटयूआयडी बिट (कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालण्याची परवानगी) लागतो आणि तो नसेल तर स्थानिक खात्यांत टपाल पडत नाही. शेवटी 'एक्झिम मायनस बीव्ही' चालवा. त्यात आत बसलेल्या सोयी, लुकअप (माहिती शोधण्याच्या पद्धती), ट्रान्सपोर्ट (टपाल पोचवण्याच्या पद्धती) आणि कॉन्फिगरेशन फाइलचा मार्ग छापून येतो. खरे तर हा आदेश आधी आपल्या लिनक्स वितरणाच्या तयार पॅकेजवरच चालवून पाहावा. हवे ते सगळे तिथे दिसले, तर वरचा खटाटोप करूच नये.

आपला,
एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर
सातपूर, नाशिक